टर्न, रोटेशन आणि पाळी

गेल्या पंधरवड्यांतली गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास आम्ही ओसरीवर बसलों होतों. आमचा धाकटा नातू इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत पांचवीस आहे. तो भूगोलाची वही पुढें घेऊन 'रोटेट' आणि 'रिव्हॉल्व्ह' हीं दोन क्रियापदें घोकीत होता. तेवढ्यांत रस्त्यानें जाणाऱ्या एका शेतकऱ्यानें दुसऱ्यास हांक मारून सांगितलें, "अहो, रोटेशन सुटलं बरं का! उद्या आपल्या चारीला येतंय." नातवानें वहींतून डोकें वर काढलें आणि विचारलें, "आजोबा, पाटाचं पाणी गोल फिरतं का हो?"

घरांतील सारी मंडळी हंसली. आम्हीही हंसूं लागलों; पण तें हंसूं ओठांवरच थांबलें. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं हाच गोंधळ एका मुलानें उत्तराच्या रूपानें आमच्यापुढें ठेविला होता, आणि त्या वेळीं आम्हीं त्याचें जें केलें तें आठवून आम्हांस हंसवेना. ती हकीगत शेवटीं सांगूं. आधीं शब्दांचें पाहूं. कारण शब्द नीट समजल्यावांचून आमची चूक केवढी होती हें वाचकांच्या ध्यानांत यावयाचें नाहीं.

इंग्रजींतील 'टर्न' हें क्रियापद दिसावयास अगदीं साधें. आमच्या पिढीनें तें तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेच्या धाटणीनें पाठ केलें: टर्न म्हणजे वळणें, टर्न म्हणजे फिरणें. पण पुढें शिकवूं लागल्यावर कळून आलें कीं, हा एक शब्द आपल्या भाषेंत आणावयाचा तर डझनभर क्रियापदें हाताशीं ठेवावीं लागतात. रस्ता वळतो, किल्ली फिरते, पुस्तकाचें पान उलटतें, तव्यावरची पोळी परततात, झोपेंत मनुष्य कूस बदलतो, दूध नासतें, मुलगा सोळावें ओलांडतो. इंग्रज या सर्व ठिकाणीं खुशाल 'टर्न' म्हणतो. त्याच्यापुढें एखादें लहान अव्यय जोडलें कीं अर्थ आणखी दूर जातो. बोलावणें नाकारलें तरी टर्न. न बोलावतां कोणी उगवला तरी टर्न. भला वाटणारा मनुष्य लबाड निघाला तरीही टर्नच.

यावरून कोणी म्हणेल, मराठीजवळ नेमका शब्द नाहीं म्हणून इतकी धांवाधांव करावी लागते. आमचें मत उलट आहे. मराठीनें हें काम अनेकांत वांटून दिलें आहे, आणि प्रत्येकाचा अधिकार ठरवून दिला आहे. वळणें म्हणजे दिशा बदलून पुढें जाणें. फिरणें म्हणजे एका आसाभोंवतीं अथवा इकडे तिकडे हालत राहणें. परतणें म्हणजे निघाल्या ठिकाणीं येणें किंवा दुसरी बाजू वर आणणें. उलटणें म्हणजे वरचें खालीं होणें. पालटणें म्हणजे एकाच्या जागीं दुसरें येणें. वळलेला मनुष्य पुढें जातो, परतलेला घरीं येतो, आणि नुसता फिरणारा दिवस मावळला तरी तेथेंच असतो. एखाद्याचें मन वळविलें तर तो आपल्या बाजूस येतो. तेंच मन फिरलें तर आलेला माणूसही निघून जातो. हा भेद सूनबाईंना विचारा. पोळी वळत नाहींत, परततात; लाडू परतत नाहींत, वळतात; आणि लाडवासाठीं रवा मात्र आधीं परतावाच लागतो.

या 'वळणें'ची सत्ता तर टर्नलाही नाहीं. लाडू वळतात, वाती वळतात, शेवया वळतात, दोर वळतात, मूठ वळतात, गुराखी गुरें वळतो, आणि थंडीनें पायांत गोळे येऊन पायही वळतात. पुढें त्याच्याच 'वळण' या नामांत सारें शिक्षणशास्त्र भरून राहिलें आहे. अक्षराला वळण असतें, घराला वळण असतें, मुलांना वळण लावावें लागतें. या अर्थाचें वळण इंग्रजींत सांगूं पाहा. चार वाक्यें खर्ची पडतील. आम्हीं जन्मभर मुलांना वळण लावण्याचेंच काम केलें, निदान आमची तशी समजूत होती.

आतां टर्नचें कुळ पाहूं. हा शब्द लॅटिनमधून आला, आणि लॅटिननें तो ग्रीकांकडून घेतला. ग्रीक भाषेंत 'टॉर्नॉस' म्हणजे वर्तुळ काढण्याचें साधन आणि कातकाम करणाऱ्याचें सांगाडें, ज्याला आजचे कारखानदार लेथ म्हणतात. लांकडाचा ठोकळा सांगाड्यावर फिरवून, त्याला पटाशी लावून गोल घडवावयाचा, ही टर्नची मूळ क्रिया. म्हणजे आपल्या कातारी लोकांचा धंदा हाच त्या शब्दाचा जन्मदाता. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत आजही 'टर्नर' नांवाचा अभ्यासक्रम आहे. तेथें शिकणाऱ्या मुलांना ठाऊक नसेल, पण हा शब्द त्याच्या माहेरीं कोठें नांदत असेल तर तो त्यांच्याकडे.

संस्कृतांत फिरण्याचा राजा 'वृत्' हा धातु. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींत संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मुळांतून निघाल्या असाव्यात असें प्रतिपादन केलें. पुढील विद्वानांनीं जीं उदाहरणें गोळा केलीं, त्यांत हा धातु ठळक आहे. लॅटिनचा 'व्हर्टेरे' म्हणजे फिरविणें, आणि आपला 'वृत्', हे सख्खे भाऊ. त्यांच्याकडे रिव्हर्स, कन्व्हर्ट, युनिव्हर्स. आपल्याकडे वर्तन, वर्तुळ, आवृत्ति, परिवर्तन, प्रवृत्ति. वाचकांस मौज वाटेल, आपली 'वाट' संस्कृत 'वर्त्मन्'वरून आली. वर्त्मन् म्हणजे चाकांच्या फिरण्यानें उमटलेला मार्ग. देवाजवळची 'वात' ही 'वर्ति'वरून आली. ती वळलेली म्हणून वात. नांगर शेताच्या बांधाशीं जाऊन वळतो, त्या वळण्यास रोमन लोक 'व्हर्सस' म्हणत. त्यावरून तास, मग लिहिलेली ओळ, मग कवितेची ओळ. तीच इंग्रजांची 'व्हर्स'. आणि आपण कवितेच्या छंदास काय म्हणतों? वृत्त! दोन्ही भाषांनीं एकमेकींस न विचारतां कवितेचें नांव एकाच धातूवरून घेतलें.

चाकांची कथाही अशीच. इंग्रजांचें 'व्हील', ग्रीकांचें 'कुक्लॉस' आणि आपलें 'चक्र' हा मुळांत एकच शब्द. कुक्लॉसवरून सायकल आली आणि चक्रावरून चाक आलें. तेव्हां सायकलचें चाक म्हणणें म्हणजे चाकाचें चाक म्हणण्यासारखेंच. 'रोटेट' हें लॅटिन 'रोटा'वरून निघालें. रोटा म्हणजे चाक, आणि त्याचें आपल्याकडील भावंड म्हणजे 'रथ'.

आतां नातवाच्या वहीकडे येऊं. शास्त्रांत रोटेट आणि रिव्हॉल्व्ह यांचा भेद पक्का आहे. स्वतःच्या आसाभोंवतीं फिरणें तें पहिलें, त्यास आपण परिवलन म्हणतों. दुसऱ्या वस्तूभोंवतीं फिरणें तें दुसरें, त्यास परिभ्रमण म्हणतों. मुलें हीं नांवें पाठ करितात आणि परीक्षेंत नेमकी अदलाबदल करितात. म्हणून आम्हीं नातवास अंगणांत नेलें आणि तुळशीला एक प्रदक्षिणा घालावयास सांगितलें. उजवा हात तुळशीकडे ठेवून तो निघाला. तुळशीच्या उत्तरेस असतां त्याचें तोंड पूर्वेकडे होतें, पूर्वेस आला तेव्हां दक्षिणेकडे, मग पश्चिमेकडे, मग उत्तरेकडे. "तूं तुळशीभोंवतीं किती फिरलास?" "एकदा." "आणि स्वतःभोंवतीं?" तो विचारांत पडला, आणि मग म्हणाला, "तेही एकदा! पण मी तर गिरकी घेतलीच नाही." हेंच चंद्राचें रहस्य. पृथ्वीभोंवतीं एक फेरी होते तेवढ्याच काळांत तो स्वतःभोंवतींही एकदां फिरतो, म्हणून त्याची एकच बाजू आपणांस सदैव दिसते. कोल्हारच्या भगवतीस प्रदक्षिणा घालणारा भाविक जसा देवीस आपली एकच बाजू दाखवितो, तसें तें आहे.

घरांत सारख्या आकाराचीं दोन नाणीं असलीं तर आणखी एक प्रयोग करावा. एक नाणें मेजावर दाबून धरावें आणि दुसरें त्याच्या कडेकडेनें, घसरूं न देतां, पूर्ण एक फेरी फिरवावें. दोघांचा परीघ सारखा. म्हणून फिरणारें नाणें एकदांच गरकन् फिरेल असें वाटतें. प्रत्यक्षांत तें दोनदां फिरतें. एक फेर कडेवर लोळल्याचा, दुसरा प्रदक्षिणा घातल्याचा. पृथ्वीचेंही असेंच. वर्षाचे दिवस आपण सुमारें सव्वातीनशें पासष्ट मोजतों, असें आम्ही एकदां वर्गांत बोलून गेलों होतों आणि मुलांनीं आम्हांस पकडलें होतें. सव्वातीनशें म्हणजे तीनशें पंचवीस! म्हणून येथें आंकड्यांतच लिहितों. दिवस ३६५ आणि वर पाव. पण तेवढ्या काळांत पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते ३६६ वेळां आणि वर पाव. एक फेर सूर्याच्या प्रदक्षिणेंत खर्ची पडतो.

हें आधुनिकांनींच सांगितलें असें नव्हे. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथांत ४३,२०,००० वर्षांच्या एका युगांत पृथ्वीचे फेरे १,५८,२२,३७,५०० होतात असें दिलें आहे. यांतून वर्षांची संख्या वजा करा. उरतात ते युगाचे दिवस, १,५७,७९,१७,५००. त्यास वर्षांनीं भागलें कीं वर्षाचे दिवस ३६५ आणि पावाहून किंचित् अधिक येतात. नौकेंत बसलेल्यास कांठ मागें जातांना दिसतो, तसे तारे पश्चिमेस जातांना दिसतात, असा दृष्टान्तही त्यानें दिला. वराहमिहिरासारख्या थोर ज्योतिषानें त्यावर शंका घेतली कीं, पृथ्वी फिरत असती तर आकाशांत उडालेले पक्षी आपल्या घरट्यांस परत कसे आले असते? शंका घेणारा मोठा होता, तरी शंका चुकली होती. हें वाक्य लिहितांना आम्ही जरा थांबलों, कां तें आतां सांगतों.

आमच्या कोल्हारास प्रवरामाई आहे. खालीं नेवाशास हिच्याच कांठीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि वर सह्याद्रींत भंडारदऱ्यास १९२६ सालीं पुरें झालेलें धरण आहे. त्यांत सुमारें अकरा अब्ज घनफूट पाणी मावतें. तेथून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रानें संगमनेरजवळच्या ओझर येथील बंधाऱ्यापर्यंत येतें आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांत शिरतें. कालव्यावरून चाऱ्या, चाऱ्यांवरून पोटचाऱ्या, पोटचाऱ्यांवरून शेतें. ऊंस, गहूं, हरभरा, घांस सर्वांस पाणी हवें. पण सगळ्या चाऱ्या एकदम उघडल्या तर शेवटच्या शेतास चिखलसुद्धां मिळणार नाहीं. म्हणून सरकारनें पाणी कांहीं दिवस सोडावयाचें, मग बंद करावयाचें, आणि सुटलें असतां शेतकऱ्यांनीं तें पाळीनें घ्यावयाचें असा नियम आहे. एकदां सोडण्यापासून बंद होईपर्यंतचा जो काळ, त्यास कागदोपत्रीं 'आवर्तन' म्हणतात आणि गांवोगांव सर्रास 'रोटेशन' म्हणतात. शेतामागून शेत पाणी देण्याच्या क्रमास पाटबंधारे खात्याचाच एक सुरेख शब्द आहे, 'शेजपाळी'. शेजाऱ्याचें भिजलें कीं आपलें.

येथें कोणती वस्तु फिरते? पाणी फिरत नाहीं, तें उताराकडे जातें. शेतें जागचीं हालत नाहींत. फिरते ती पाळी. ती पहिल्या शेतावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाते आणि पुढच्या आवर्तनांत पुन्हा पहिल्याकडे येते. 'आवर्तन' या शब्दांत तोच वृत् धातु आहे. आवर्तन म्हणजे पुन्हा फिरून येणें. इंग्रज आपल्या क्रमासही 'टर्न' म्हणतो, तें याच कारणानें: फिरत फिरत आपल्यापाशीं आलें, म्हणून आपला टर्न. मराठी 'पाळी'नें रांगेकडे पाहिलें, इंग्रजी 'टर्न'नें चाकाकडे पाहिलें, वस्तु एकच. तेव्हां पृथ्वीच्या रोटेशनमध्यें आणि पाटाच्या रोटेशनमध्यें गणिती भेद असला, तरी अर्थाचें मूळ एकच आहे. पृथ्वीवरचें प्रत्येक गांव सूर्यासमोर आपापल्या पाळीनें येतें. कोल्हारचा दिवस झाला कीं पश्चिमेकडील गांवांचा.

आतां ती हकीगत. त्या वेळीं आम्ही आठवीच्या वर्गास भूगोल शिकवीत होतों. मागच्या बांकावर एक शेतकऱ्याचा मुलगा भिंतीस टेकून डुलक्या घेत होता. आम्हीं त्यास उठवून विचारलें, "रोटेशन म्हणजे काय?" तो दचकून उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी सुटतंय त्ये, गुरुजी. आमची पाळी रातीं दोन वाजतां व्हती." वर्ग खदखदून हंसला. आम्हांस वाटलें, हा आमची थट्टा करितो. "पृथ्वी म्हणजे काय तुझ्या बापाचा पाट आहे?" असें म्हणून आम्हीं त्याच्या हातावर दोन छड्या ओढल्या आणि तास संपेपर्यंत त्यास बांकावर उभें केलें. रात्रीं दोनपासून गुडघाभर चिखलांत दारें धरून तो तसाच शाळेंत आला होता, हें त्याच्या नखांतील मातीवरून दिसत होतें. आम्हीं तें पाहिलें होतें. त्या दिवाळीनंतर तो शाळेंत आला नाहीं. पट पुकारतांना कांहीं दिवस आम्हीं त्याचें नांव घेतलें, मग त्यावर रेघ ओढली. त्याचें घर शाळेपासून अर्ध्या कोसावर होतें. तेथें आम्ही गेलों नाहीं.

नातवाच्या प्रश्नानंतर दोन दिवसांनीं आम्ही सायंकाळीं फिरावयास म्हणून चारीच्या बाजूस गेलों. तो तेथें होताच. आतां पन्नाशीस टेकलेला, खांद्यावर फावडें, पायांत गमबूट. आम्हांस पाहून त्यानें फावडें खालीं ठेविलें आणि वांकून नमस्कार केला. आम्हीं म्हटलें, "अरे, एक सांगावयाचें राहिलें आहे. आठवींत तूं रोटेशनचें जें उत्तर दिलें होतेंस, तें बरोबर होतें. चूक आमची होती." त्यास प्रसंग आठवला कीं नाहीं असें आम्हांस वाटलें, पण तो आपल्या तळहाताकडे पाहून हंसला. त्यास आठवत होतें.

थोड्या वेळानें म्हणाला, "जाऊं द्या गुरुजी. परीक्षेच्या पेपरांत पाटाचं पाणी कुठं चालतंय? पण तुम्हीं आलाच आहांत तर एक करा. माझी पोर दहावीला हाय. तिला वाटतंय, बापाला काय बी येत नाहीं. तिच्यासमोर हे एकदां बोला."

आम्ही गेलों. अर्ध्या कोसाची ती वाट चालावयास आम्हांस पस्तीस वर्षें लागलीं. मुलीनें चहा आणला. आम्हीं तिच्यापुढें दोन नाणीं ठेविलीं, तुळशीची प्रदक्षिणा सांगितली, आर्यभटाचा हिशेब सांगितला, आणि शेवटीं तिच्या वडिलांचें उत्तर सांगितलें. ती म्हणाली, "म्हणजे बाबांचं बरोबर होतं?" आम्हीं म्हटलें, "होय. आणि आम्हीं त्याबद्दल त्यांना मारलें." ती कांहीं बोलली नाहीं. तिनें नाणें हातांत घेऊन पुन्हा एकदां सावकाश फिरवून पाहिलें, आणि आतल्या आत फेरे मोजले. बापानें घड्याळाकडे पाहिलें. रात्रीं अकराला त्यांची पाळी होती.

आम्हांस लोक 'निवृत्त शिक्षक' म्हणतात. निवृत्त यांतही तोच वृत् आहे. निवृत्त म्हणजे मागें वळलेला. आजवर या शब्दाचा अर्थ आम्ही 'काम सोडलेला' एवढाच समजत होतों. ज्या कुटुंबांत शिक्षक आहेत, अथवा लहान मुलांचा अभ्यास घेणारीं वडील माणसें आहेत, त्यांस आमची एवढीच विनंती कीं, मुलाचें उत्तर पुस्तकाबाहेरचें निघालें तर हंसण्यापूर्वीं तें कोठून आलें हें विचारावें.

जातां जातां: आमच्याकडे पाणी देण्यास 'दारें धरणें' म्हणतात आणि क्रमास 'पाळी' व 'शेजपाळी' म्हणतात. कोंकण, खानदेश, वऱ्हाड, सोलापूर या भागांतील वाचकांनीं आपल्याकडील शब्द पत्रानें कळवावे. ज्यांच्या घरीं शेती नसेल त्यांनीं गांवाकडच्या आप्तांस विचारावें. त्या निमित्तानें तिकडे एक फेरी होईल. आलेले शब्द पुढील एखाद्या अंकीं याच सदरांत देऊं.